प्लास्मिडचा माग



मी कलाशाखेचा पदवीधर. जीवशास्त्राशी माझा संबंध शाळेतच संपला. तरीही हा विषय मी मागून घेतला. मूळ दुखण्यातून सावरलेला माणूस रुग्णालयातच जडलेल्या संसर्गाने दगावतो, हे आता दुर्मिळ राहिलेले नाही.

जिवाणूच्या पेशीत मुख्य गुणसूत्राखेरीज डीएनएची लहानशी, बहुधा वर्तुळाकार कडी असू शकते. तिला प्लास्मिड म्हणतात. प्रतिजैविकांना निष्प्रभ करणारी जनुके पुष्कळदा या कडीवर असतात. जिवाणू तिची प्रत शेजाऱ्याला देतो, आणि तो शेजारी स्वजातीचाच असतो असे नाही. आपल्याकडे वारसाची नोंद सातबाऱ्यावर चढते. येथे मात्र वाटेने जाणाऱ्याचेही नाव चढते! जपानी शास्त्रज्ञांनी १९५९ मध्येच आमांशाच्या जिवाणूंच्या संदर्भात हे देणेघेणे दाखवून दिले होते.

अमेरिकेतील बेथेस्डा येथे राष्ट्रीय आरोग्य संस्थांचे रुग्णालय आहे. जून २०११ मध्ये तेथे आलेल्या एका रुग्णाच्या शरीरात कार्बापेनेम गटातील प्रभावी औषधांनाही दाद न देणारा क्लेब्सिएला जिवाणू होता. रुग्णास वेगळे ठेवले; जुलैमध्ये तो घरी गेला. ऑगस्टमध्ये दुसऱ्या रुग्णात तोच जिवाणू सापडला. पुढे एकूण १८ रुग्णांत तो आढळला. त्यांपैकी ११ दगावले, ६ जण या संसर्गामुळे. जिवाणूंचा संपूर्ण जनुकसंच वाचून त्यांतील सूक्ष्म फरक ताडून पाहिले, तेव्हा सर्वांचे मूळ पहिल्या रुग्णापाशी पोहोचले. हात धुण्याच्या भांड्यांच्या निचऱ्यात आणि स्वच्छ करून ठेवलेल्या एका श्वसनयंत्रावरही तो जिवाणू मिळाला.

हा माग जिवाणूचा झाला. प्लास्मिडचा माग अधिक अवघड, कारण ते वाहनच बदलते. प्रचलित पद्धतीत डीएनए बारीक तुकड्यांत वाचला जातो. फाटलेल्या पोथीत तीच ओळ पुनःपुन्हा यावी, तसे होते आणि जनुक गुणसूत्रावर आहे की प्लास्मिडवर, हे कळत नाही. लांब तुकडे वाचणारी यंत्रे आल्यावर संपूर्ण कडी जुळवता येऊ लागली. २०१४ मध्ये त्याच रुग्णालयातील संशोधकांनी ही पद्धत वापरून निरनिराळ्या जातींतील प्लास्मिडे पडताळली. कोणती समान आणि कोणती केवळ दिसायला सारखी, हे त्यामुळे सांगता आले. एरवी निष्कारण एखाद्या कक्षावर ठपका बसला असता, असे माझ्यासारख्या कारकुनी मनाला वाटून जाते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१३ मध्ये प्रतिजैविक-प्रतिरोधावर देखरेखीचे जाळे उभारले. परंतु प्रश्न रुग्णालयाच्या भिंतींआड राहत नाही. कोलिस्टिन हे अखेरच्या फळीतील औषध. त्याला निकामी करणारे प्लास्मिडवरील जनुक चीनमधील डुकरांत, मांसात व रुग्णांत आढळल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये खाद्योपयोगी पशू, कुक्कुट, मत्स्यशेती व पशुखाद्यातील पूरके यांसाठी कोलिस्टिनचे उत्पादन, विक्री व वितरण बंद केले. आपल्या गावच्या कुक्कुटपालकांना हे ठाऊक आहे काय, याची विचारणा पंचायत सदस्यांनी पुढील सभेत अवश्य करावी.