अर्धा झगा

(धर्मग्रामाच्या ज्युबिली समारंभांत, संत मार्टिन यांच्या सणाच्या दिवशीं केलेलें भाषण)



आज ११ नोव्हेंबर, टूर्सचे संत मार्टिन यांचा सण. आपल्या देवळाची ज्युबिली आपण याच दिवशीं साजरी करीत आहों, तेव्हां देवळाच्या इतिहासाविषयीं मीं चार शब्द बोलावे अशी अनेकांची अपेक्षा असेल. तें काम माझ्याहून अधिक जाणत्या मंडळींनीं स्मरणिकेसाठीं केलेंच आहे. मी आज दोन शिपायांविषयीं बोलणार आहें. त्यांतील एक संतपदाला पोंचला. दुसऱ्याचें नांव आपणांपैकीं कोणीं ऐकलेलें नाहीं. परंतु हिंवाळा लागला कीं त्याची आठवण मला स्वस्थ बसूं देत नाहीं.

मार्टिन हा चवथ्या शतकांतील रोमन सैन्यांतला शिपाई. त्याचा जन्म आजच्या हंगेरी देशांत झाला. त्याचा शिष्य सल्पिशियस सेव्हेरस यानें लिहिलेल्या चरित्रांत असें आहे कीं, एके वर्षीं हिंवाळा इतका कडक पडला कीं पुष्कळ माणसें गारठून मेलीं. फ्रान्समधील आमियां शहराच्या वेशीपाशीं एक उघडा भिकारी कुडकुडत होता. येणारेजाणारे पाहून न पाहिल्यासारखें करीत होते. मार्टिननें आपलें होतें नव्हतें तें अगोदरच वांटून टाकलें होतें. अंगावर एक झगा तेवढा उरला होता. त्यानें तलवार उपसली, झग्याचे दोन तुकडे केले, एक भिकाऱ्याच्या अंगावर घातला व दुसरा स्वतः पांघरला. बघ्यांतले कांहीं हंसले. त्या रात्रीं त्याला स्वप्नांत प्रभु येशूचें दर्शन झालें, आणि प्रभूच्या अंगावर तोच अर्धा तुकडा होता. मार्टिनचा तेव्हां बाप्तिस्माही झालेला नव्हता.

तो झगा पुढें फ्रँक राजांनीं पवित्र अवशेष म्हणून जपला. लॅटिन भाषेंत अशा लहान झग्यास ‘कापेल्ला’ म्हणत. तो जेथें ठेवीत त्या जागेसही तेंच नांव पडलें, आणि त्यावरून ‘चॅपेल’ हा शब्द निघाला. बंधूंनो, ज्या शब्दानें आपण प्रार्थनेच्या जागेस हांक मारतों, तो शब्द थंडींत फाडलेल्या एका शिपायाच्या वस्त्रापासून आलेला आहे. ज्युबिलीच्या दिवशीं हें विसरून चालणार नाहीं.

याच ११ नोव्हेंबरला, १९१८ सालीं, पहिलें महायुद्ध थांबलें. अमेरिकेंत हा दिवस प्रथम शस्त्रसंधीचा म्हणून पाळीत. १९५४ सालापासून तो सर्व माजी सैनिकांचा दिवस झाला. त्या दिवशीं तेथें मिरवणुका निघतात, निशाणें फडकतात. आणि त्याच देशांत २०२४ च्या जानेवारींत एका रात्रीं बेघरांची गणती झाली, तेव्हां त्यांत ३२,८८२ माजी सैनिक आढळले. त्यांतील हजारों जण कोणत्याही निवाऱ्याबाहेर, पुलाखालीं, मोटारींत, तंबूंत रात्र काढीत होते.

कांहीं वर्षांपूर्वीं त्या देशाच्या उत्तरेस एका शहरांत दोन हिंवाळे मी धर्मसेवेसाठीं राहिलों होतों. तेथील धर्मग्रामांतील मंडळी कडाक्याच्या रात्रीं कांबळीं व कढत सूप घेऊन गाडींतून फिरत. मीही त्यांच्याबरोबर जात असें. एका पुलाखालीं साठी उलटलेला एक गृहस्थ असे. तरुणपणीं तो व्हिएतनामच्या युद्धांत लढला होता. मीं कांबळें पुढें केलें. “फादर, माझ्याहून गरजवंत पुष्कळ आहेत, त्यांना द्या,” तो म्हणाला. केवढें हें निःस्वार्थी मन, असें म्हणून मी पुढें गेलों. तें उत्तर मला सोयीचें होतें, हें त्या वेळीं ध्यानांत आलें नाहीं.

आठदहा दिवसांनीं आम्ही पुन्हां तेथें गेलों. पाऊस आणि बर्फ एकत्रच पडत होतें. तो भिंतीला टेकून बसला होता. बोलणें जडावलें होतें, हातांतला पेला निसटत होता, आणि त्यानें मला ओळखलें नाहीं. “आज फार प्यालेला दिसतो,” असें म्हणून मीं पाऊल उचललें. आमच्यांत एक वृद्ध परिचारिका होती. ती खालीं वांकली, त्याच्या मानेखालीं हात घालून पाहिला, आणि म्हणाली, “फादर, हा प्यालेला नाहीं. हा मरतो आहे. पहा, याचें कांपणेंसुद्धां थांबलें आहे.”

रुग्णवाहिका आली व तो वांचला. पायाचीं दोन बोटें मात्र गेलीं. त्या रात्रीं मी एकटा असतों, तर शुभवर्तमानांतील त्या याजकाप्रमाणें बाजूनें निघून गेलों असतों. आणि त्यांत मला कांहीं पाप वाटलेंही नसतें.

पुढें इस्पितळांत मीं त्याला विचारलें, “तुम्हीं कांबळें कां नाकारलें?” तो म्हणाला, “पलटणींत आम्ही आधीं शेजारच्या गड्याकडे पाहत असूं. ती संवय जात नाहीं.” “आणि निवाऱ्यांत कां आलां नाहींत?” “तेथें पन्नास माणसें एका दालनांत निजतात. पाठीमागें कोण आहे हें दिसलें नाहीं तर मला झोंप येत नाहीं. शिवाय तेथें माझ्या कुत्र्याला घेत नाहींत.” हीं उत्तरें मिळविण्यास दोन मिनिटें लागलीं. तीं दोन मिनिटें मीं पहिल्याच रात्रीं दिलीं असतीं, तर त्याचा पाय शाबूत राहिला असता.

आपल्या धर्मग्रामांतील पुष्कळांचीं मुलेंबाळें आज त्या थंड मुलखांत नांदत आहेत, आणि ही स्मरणिका त्यांच्या हातीं जाईल. म्हणून तेथें शिकलेल्या कांहीं गोष्टी साध्या शब्दांत सांगतों.

थंडी वरून येते त्याहून अधिक जमिनींतून चढते. म्हणून कांबळ्याच्या अगोदर अंगाखालीं जाड पुठ्ठे किंवा वर्तमानपत्रांच्या घड्या घालाव्या. सुती कपडा भिजला कीं ऊब सोडतो, लोकर बऱ्याच अंशीं धरून ठेवते. म्हणून लोकरीच्या कोरड्या मोज्यांचे दोन जोड द्यावे. पहिल्या महायुद्धांत चिखलपाण्याच्या खंदकांत उभें राहून, बर्फ नसतांही, हजारों शिपायांचे पाय सडले. जुना सैनिक मोज्यांचें मोल जाणतो. तें दान त्याला भीक वाटत नाहीं. दारूनें ऊब येते ती खोटी. रक्त कातडीकडे धांवतें आणि आंतली उष्णता बाहेर जाते. परंतु प्यालेला आहे म्हणून कोणास टाकून जाऊं नये, कारण सर्वांत मोठा धोका त्यालाच असतो. बंद तंबूंत शेगडी पेटवूं देऊं नये. तिच्या विषारी वायूला वास नसतो.

शरीराची उष्णता ३५ अंशांखालीं गेली कीं मनुष्य आधीं कांपतो, मग बरळतो, मग कांपणें थांबतें. तेंच अखेरचें लक्षण समजावें. तत्काळ रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत वाऱ्यापासून आडोसा करावा, ओलीं वस्त्रें काढावीं, छाती व मान आधीं उबदार करावीं. हातपाय चोळूं नयेत. शुद्धीवर असेल तर गोड कढत पेय द्यावें.

परंतु कांबळें ही एका रात्रीची सोय आहे. सैनिकाला हवें असतें तें दार, जें आंतून लावतां येतें. २०१० सालच्या गणतींत ७४ हजारांहून अधिक माजी सैनिक बेघर होते, हें ध्यानांत घ्या. चौदा वर्षांत ही संख्या निम्म्याहून खालीं आली. याचें एक मोठें कारण असें कीं, २००८ सालापासून तेथील सरकारनें घरभाड्याचा आधार व सोबत एक समाजसेवक देण्याचें काम मोठ्या प्रमाणावर चालविलें. धर्मसंस्थाही त्याला हातभार लावीत आल्या आहेत. म्हणजे हें दुःख अटळ नाहीं.

माझ्या त्या मित्रासही पुढें एक खोली मिळाली. पहिल्या रात्रीं तो खाटेवर निजला नाहीं. दाराकडे तोंड करून, कुत्र्याला कुशींत घेऊन, जमिनीवरच निजला. दुसऱ्या आठवड्यांत मला म्हणाला, “फादर, काल खाटेवर झोंपलों.” एवढें सांगावयास तो बर्फांतून लंगडत देवळापर्यंत आला होता.

बंधुभगिनींनो, मार्टिनचें मोठेपण अर्ध्या झग्यांत नाहीं. त्या वेशींतून जाणाऱ्या कित्येकांच्या अंगावर त्याहून उंची झगे असतील. तो थांबला, यांत त्याचें मोठेपण आहे. त्यानें त्या माणसाकडे नीट पाहिलें. आपण ज्युबिलीनिमित्त देवळाला नवा रंग दिला, नवी घंटा बसविली. फार चांगलें केलें. ती घंटा ऐकून देवळाकडे येतांना वाटेंत कोणी पडलेला दिसला, तर मिस्साला दोन मिनिटें उशीर झाला तरी चालेल; पण आधीं खालीं वांकून त्याच्या मानेला हात लावून पहा. त्याला नांव विचारा. तो ‘मला नको’ म्हणाला, तर ‘कां नको’ हेंही विचारा.

ती दृष्टि आणि तेवढी सवड प्रभु आपणां सर्वांस देवो. आमेन.