चंचल मूल व पालकांचे कर्तव्य

चार वर्षांचे मूल चंचल असणे हा वयाचा धर्मच होय. परंतु समवयस्कांहून फारच अधिक अस्थिरता, आपली पाळी येईतो न थांबणे, धोका न पाहता धावणे ही चिन्हे घरी व बालवाडीतही सहा महिने टिकली, तर त्यास द्वाड ठरवू नये. हा मेंदूच्या वाढीशी निगडित विकार असू शकतो. मातेच्या लाडाचे ते फळ नव्हे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथील पालकांनी अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या (२०१३) पथकास हे सांगावे. श्रवणही तपासून घ्यावे. निदान डॉक्टरांनीच करावे. या वयात औषधाआधी पालकांचे प्रशिक्षण हाच पहिला उपचार होय. माराने मूल गप्प होते, स्थिर होत नाही.