आई-बाबांचं तिकीट पॉइंट्सवर: मधला मुक्काम कसा बसवायचा?

आजचा भाग खास त्यांच्यासाठी, ज्यांची ताई किंवा दादा टोरंटोला आहे आणि आई-बाबा पहिल्यांदाच तिकडे निघालेत. आमच्या सांगवीत अशी घरं काही कमी नाहीत. कार्डावर पॉइंट्स साठलेत, पण साठीतल्या माणसांना इतका लांबचा प्रवास सलग करायला लावणं जिवावर येतं. मग मध्ये दोन रात्री मुक्काम, तोही त्याच तिकिटात.

आधी एक फरक. आंतरराष्ट्रीय प्रवासात मधल्या शहरातून २४ तासांच्या आत पुढे निघालात, तर ते कनेक्शन. त्याहून जास्त थांबलात, तर स्टॉपओव्हर. बरेच प्रोग्राम स्टॉपओव्हर देतच नाहीत, किंवा त्याचे वेगळे पॉइंट्स घेतात.

आपण एअर कॅनडाचा एरोप्लॅन घेऊ. नोव्हेंबर २०२० मध्ये तो नव्या रूपात आला, तेव्हापासून एकेरी तिकिटातही जादा ५,००० पॉइंट्समध्ये एक स्टॉपओव्हर मिळतो. फक्त कॅनडा-अमेरिकेत थांबता येत नाही. एअर कॅनडा स्टार अलायन्समध्ये आहे, त्यामुळे लुफ्तान्सा, स्विस, टर्किश आणि २०१४ पासून आपली एअर इंडिया, यांच्या सीटही याच पॉइंट्सवर मिळतात. पार्टनरचं विमान असेल तर ३९ कॅनडियन डॉलर फी, शिवाय विमानतळाचे कर. म्हणजे मुंबई–फ्रँकफर्ट, दोन रात्री आराम, मग फ्रँकफर्ट–टोरंटो: सगळं एका तिकिटात.

आता शोधायचं कसं? अख्खा रूट एकदम टाकू नका. कोड डीबग करतो तसे तुकडे करा. आधी फक्त मुंबई–फ्रँकफर्ट, मग फक्त फ्रँकफर्ट–टोरंटो. प्रत्येक वेळी दोन प्रवासी टाका. एकाची सीट दिसली म्हणजे दोघांची असेलच असं नाही. दोन्ही तुकडे मिळाले की मग मल्टी-सिटीत जोडा.

आणि आजची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: बँकेचे पॉइंट्स एअरलाइनकडे पाठवणं हे शेवटचं पाऊल. एकदा गेले की परत येत नाहीत. कधीकधी पोचायला काही दिवस लागतात, तेवढ्यात सीट जाऊ शकते. म्हणून दुसरी तारीख आधीच शोधून ठेवा, आणि तिकीट रद्द करायला किती लागतात तेही बघा.

व्हिसाचं विसरू नका. फ्रँकफर्टला हॉटेलवर जायचं तर शेंगेन व्हिसा हवाच, नुसत्या कॅनडाच्या व्हिसावर चालत नाही. स्टॉपओव्हरमध्ये बॅगाही तिथेच ताब्यात घ्याव्या लागतात, तेव्हा आईला एकटीला उचलता येईल एवढीच बॅग भरा.

काही जण स्वस्त पडतं म्हणून दोन वेगळी तिकिटं काढतात. कनेक्शन कमी वेळाचं असेल तर आई-बाबांसाठी ते टाळा. पहिलं विमान लेट झालं आणि दुसरं चुकलं, तर दुसरी एअरलाइन जबाबदारी घेत नाही. एका तिकिटात पुढची सोय त्यांनी करायची असते.

शेवटचं: तिकिटावर १५ तारीख, रात्री १ वाजता असं असेल, तर सांगवीतून १४ ला दुपारीच निघायचं. एक्स्प्रेस वेचा काही भरवसा नाही!

पुढच्या भागात परतीच्या तिकिटाबद्दल बोलू. तोवर आई-बाबांचे पासपोर्ट काढा आणि मुदत तपासून ठेवा. भेटूच!