बर्गी, शांताबाई आणि बाबूमोशाय
(सुवर्णमहोत्सवी वर्षात मंडळाच्या सभागृहात दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवानिमित्त आम्ही चार शब्द बोलावे, अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली. मंडळाचा इतिहास सांगण्याचा अधिकार ज्येष्ठांचा आहे. आम्ही केंद्र सरकारच्या नोकरीत गावोगाव फिरून अखेर कोलकात्यास स्थिरावलेलो. या भ्रमंतीत एक विषय सतत मनात घोळत राहिला, तोच आज आपणापुढे मांडतो. परप्रांतीयांच्या मनात आपले चित्र कसे तयार होते, आणि आपल्या मनात त्यांचे चित्र कोण रेखाटते, हा तो विषय.

येथे बदलून आलो, त्या पहिल्याच आठवड्यातील गोष्ट. शेजारच्या घरात एक आजी नातवाला निजवीत होत्या. त्या अंगाईगीतातील एकच शब्द आमच्या ओळखीचा होता, तो म्हणजे 'बर्गी'. दुसऱ्या दिवशी अर्थ विचारला, तेव्हा त्या माउली संकोचल्या. बाळ झोपले, गाव शांत झाले आणि बर्गी देशात आले, आता सारा कोठून भरावा, अशा आशयाचे ते गीत. बर्गी म्हणजे बारगीर; स्वतःचा घोडा नसलेला, सरकारी घोड्यावर चाकरी करणारा मराठा स्वार. म्हणजे बंगालची मुले ज्याच्या धाकाने पिढ्यान्पिढ्या झोपी गेली, तो बागुलबुवा आपणच!

हे चित्र खोटे आहे काय? प्रामाणिकपणे सांगावयाचे तर नाही. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून १७५१ पर्यंत वारंवार बंगालवर चालून आल्या. त्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर यांना नबाब अलीवर्दीखानाने १७४४ मध्ये भेटीस बोलावून दग्याने मारले. अखेर १७५१ च्या तहात सालीना बारा लाख रुपये चौथाई ठरली व ओरिसा भोसल्यांकडे आला. आमच्या शालेय वाचनात ही हकीकत 'बंगालवरील स्वारी' या दोन शब्दांत आटोपली होती. परंतु त्याच काळच्या गंगाराम नावाच्या कवीने 'महाराष्ट्र पुराण' लिहिले आहे, त्यात जळणारी गावे आणि पळणारी माणसे आहेत. इंग्रजांनी या शहराभोवती 'मराठा डिच' नावाचा खंदक १७४२ मध्ये खणावयास घेतला. तो कधी पुरा झाला नाही आणि मराठेही येथवर कधी आले नाहीत. पुढे खंदक बुजवून त्याच्या बऱ्याच भागावर सर्क्युलर रोड झाला. जमिनीतला खंदक बुजला. अंगाईगीतातला मात्र राहिला.

आता दुसरे चित्र पाहू. हिंदी चित्रपटांत मराठी माणूस कोणत्या रूपात दिसत आला? नऊवारी नेसून केर काढणारी शांताबाई किंवा गंगूबाई, हाती दंडुका घेतलेला हवालदार, नाहीतर कचेरीतला कारकून. लक्ष्मीकांत बेर्डे यांच्यासारखा, 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) मधून मराठी घराघरांत पोचलेला नट. पण अखिल भारताने त्यांना 'हम आपके हैं कौन' (१९९४) मध्ये पाहिले ते घरच्या नोकराच्या भूमिकेत. अशा भूमिकांत हीन काही नाही. कष्ट करून पोट भरणारी शांताबाई आम्हांस वंद्यच आहे. प्रश्न एवढाच की, त्या पडद्यावर मराठी प्राध्यापिका, शेतकरी, गायक, संशोधक इतके दुर्मीळ का?

याचे कारण आम्हांस असे दिसते. दोन-तीन तासांच्या चित्रपटात दुय्यम पात्राची ओळख करून देण्यास वेळ नसतो. मग लुगडे, टोपी, बोलण्यातील हेल अशा एखाद्या खुणेवर काम भागवावे लागते. आणि खुणा घ्यावयाच्या कोठून? हिंदी चित्रपट मुंबईत होतात. ते काढणाऱ्यांपैकी पुष्कळांना मराठी माणूस भेटला तो स्वयंपाकघराच्या दाराशी आणि चौकातल्या चौकीवर. जे दिसले ते त्यांनी दाखविले. चित्र खोटे नसते, तोकडे असते. आणि तेच तोकडे चित्र शेकडो वेळा दाखविले की, पाहणाऱ्याला ते पूर्ण वाटू लागते.

हाच न्याय इतरांनाही लागू आहे. 'पडोसन' (१९६८) मधील मेहमूद यांचे संगीतशिक्षक आठवा. दक्षिणेची गानविद्या केवढी थोर! पण देशाने लक्षात ठेवले ते शेंडी, गंध आणि विचित्र उच्चार. तमिळ चित्रपटांत उत्तरेकडचा सावकार 'सेट' मोडकी तमिळ बोलून असाच हशा मिळवीत आला. प्रत्येक भाषेने आपापला परका विदूषक नेमून ठेवलेला आहे.

येथवर आपण माना डोलावीत आहात, कारण दोष दुसऱ्यांचा आहे. आता आमचा सांगतो.

काही वर्षांपूर्वी आपल्या गणेशोत्सवात एक प्रहसन झाले. त्यात एक बंगाली बाबूमोशाय होता. माशाच्या नुसत्या नावाने विरघळणारा, झुरळाला भिणारा, माकडटोपी घातलेला. ती भूमिका आम्ही केली होती. टाळ्या भरपूर पडल्या. आमच्या कपाटात मामा वरेरकरांनी मराठीत आणलेले शरच्चंद्र होते. त्यांतील बंगाली स्त्रीपुरुषांसाठी आमच्या घरी डोळे ओले झालेले आहेत. पण रंगभूमीवर पाऊल टाकताच आम्हांस त्यांतील एकही माणूस आठवला नाही. आठवली ती माकडटोपी.

त्या दिवशी पहिल्या रांगेत अंगाईगीत गाणाऱ्या त्या आजींचे यजमान बसले होते. प्रयोगानंतर ते हसून म्हणाले, "नाटक छान झाले. तो बाबू कोठला, ते मात्र कळले नाही. आमच्या गल्लीत तर असा कोणी राहत नाही." आम्हीही हसलो. त्यांचा नातू दरवर्षी आपल्या मुलांबरोबर विसर्जनाला लेझीम खेळावयास येई. त्या वर्षी तो आला नाही, आणि पुढेही आला नाही. बर्गीच्या भीतीने निजविलेले ते मूल आपण होऊन आपल्या अंगणात आले होते. त्याला परत पाठविण्याचे काम कोण्या भास्करपंताने केले नाही. ते आम्ही केले.

मग यावर उपाय काय? निषेधसभा भरवून चित्रे पुसली जात नाहीत. बर्गीचे गीत तर पुसूही नये; ज्यांची गावे जळली त्यांची ती आठवण आहे, ती आपण मान खाली घालून ऐकावी. उपाय आहे तो पहिल्या चित्राशेजारी दुसरे चित्र ठेवण्याचा. ते काम याच भूमीत एका मराठी माणसाने करून दाखविले आहे. देवघरजवळच्या खेड्यात १८६९ मध्ये जन्मलेले सखाराम गणेश देउस्कर बंगालीतून लिहीत. त्यांच्या 'देशेर कथा' (१९०४) या ग्रंथाने स्वदेशी चळवळीतील बंगाली तरुण पेटून उठले आणि १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. कलकत्त्यास शिवाजी-उत्सव रुजविण्यात त्यांचा मोठा वाटा होता. रवींद्रनाथांनी १९०४ मध्ये 'शिवाजी-उत्सव' ही कविता लिहिली, आणि १९०६ मध्ये लोकमान्य टिळक त्या उत्सवासाठी येथे आले. ज्या प्रांतात मराठा म्हणजे लुटारू, तेथेच मराठा म्हणजे स्वातंत्र्याचा स्फूर्तिदाता असेही चित्र उभे राहिले. देउस्करांनी बंगाल्यांना त्यांचे गीत विसरा असे सांगितले नाही. ते त्यांच्या भाषेत त्यांच्या सुखदुःखाविषयी लिहीत राहिले.

पडद्यावरही असे घडू शकते. हृषीकेश मुखर्जींच्या 'अनाडी' (१९५९) मध्ये ललिता पवारांनी ख्रिस्ती घरमालकीण मिसेस डिसा रंगविली. दिग्दर्शक बंगाली, नटी मराठी आणि पात्र ख्रिस्ती. पण तेथे हसे झाले नाही, कारण त्या बाईंच्या फटकळपणामागची माया दोघांनीही ओळखली होती. 'अर्धसत्य' (१९८३) मधील फौजदार अनंत वेलणकर पाहा. श्री. दा. पानवलकरांची कथा आणि विजय तेंडुलकरांची पटकथा यांमुळे मराठी पोलिसाला प्रथमच एवढे मन मिळाले.

आता तर हातातल्या भ्रमणध्वनीवर प्रत्येकजण चित्रे काढतो आणि क्षणात पुढे धाडतो. प्रहसनाला निदान रिहर्सल तरी लागत असे. आमची मंडळास नम्र सूचना एवढीच की, आपल्या रंगमंचावर परप्रांतीय पात्र आले तर हसू जरूर यावे, पण त्याच्या तोंडी हशासाठी नसलेले एखादे तरी वाक्य असावे. आणि नाटक बसविण्यापूर्वी ते शेजाऱ्याला वाचून दाखवावे.

ते वृद्ध गृहस्थ आज हयात नाहीत. त्यांची क्षमा मागण्याचे राहून गेले. महोत्सवाचे निमंत्रण घेऊन आम्ही स्वतः त्यांच्या घरी गेलो. नातू आता कर्ता झाला आहे. झाली गोष्ट त्याच्यापाशी बोललो. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "लेझीम अजून आहेत का?"

आहेत, असे आम्ही सांगितले आहे. बंधुभगिनींनो, तेवढे खोटे ठरू देऊ नका.