न आलेला रुग्ण
(सावदा येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



केळीच्या पानावर करपा दिसला, की सावद्याचा शेतकरी तेवढे पान कापून थांबत नाही. सारी बाग फिरून पाहतो. सार्वजनिक आरोग्याच्या दंतवैद्याची दृष्टी अशीच असते. दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर शिक्षणात ही एक स्वतंत्र शाखा आहे. समोरच्या रुग्णाची वेदना शमविणे हे त्याचे पहिले कर्तव्यच. परंतु किडलेली दाढ काढल्यावर त्याचा दुसरा प्रश्न सुरू होतो. ती किडली कशाने, आणि त्याच वस्तीत आणखी किती जण दुखणे अंगावर काढीत असतील?

माझी आजी आयुष्यभर मशेरी लावीत असे. दात स्वच्छ राहतात, ही तिची श्रद्धा. वस्तुतः तो भाजलेला तंबाखू. तिला हे कोणी सांगितले नाही, कारण ती दवाखान्याची पायरी कधी चढलीच नाही. न आलेला रुग्णही आपलाच रुग्ण, हे या शाखेचे मर्म आहे.

महाराष्ट्रात २०१२ साली गुटखाबंदी झाली. सुपारी आणि तंबाखू मात्र सुटलेले नाहीत. सुपारीच्या सततच्या सेवनाने गालाच्या आतील त्वचा ताठर होते, तोंड आक्रसू लागते आणि पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. याची प्राथमिक परीक्षा सोपी आहे. स्वतःची तीन बोटे जुळवून, उभी धरून तोंडात जातात का, ते पाहावे. या परीक्षेला यंत्र लागत नाही. शाळेच्या ओसरीवर वा केळीची भरणी चालते तेथेही ती होते.

उपचारांचेही तसेच. वीज नसेल तेथे हातातील अवजाराने कीड खरवडून ग्लास आयोनोमर सिमेंट भरण्याची पद्धत १९८० च्या दशकात टांझानियात विकसित झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली हे सिमेंट अत्यावश्यक औषधांच्या यादीत समाविष्ट केले. स्वस्त उपचार हलका असतो, हा समज त्यामुळे खोटा ठरतो.

आज घरी गेल्यावर वडीलधाऱ्यांना आणि घरच्या तरुणांनाही तीन बोटांची परीक्षा करावयास सांगा. कोणाचे तोंड पुरेसे उघडले नाही, तर रागावू नका; त्याचा हात धरून त्याला दवाखान्यात न्या. न आलेला रुग्ण तेथवर पोहोचविणे आपल्या हाती आहे.