तळावरचे गोटे आणि हजेरीपट



भूविज्ञान आणि संख्याशास्त्र या दोन शास्त्रांच्या उपासकांना एका मांडवाखाली बोलावून या परिषदेच्या अध्यक्षस्थानी आपण माझी योजना केलीत. आजच्या व्याख्यानासाठी मी मँगनीज हा एकच धातू निवडला आहे. तो सागरतळावर कसा साठतो याची विचारपूस एक शास्त्र करते, तो माणसाच्या देहात शिरल्यावर काय होते याचा हिशेब दुसरे शास्त्र मांडते, आणि या दोन्ही हिशेबांत एकाच जातीची चूक दडून बसलेली असते, असे मला दीर्घ विचारांती वाटू लागले आहे.

1872 ते 1876 या काळात ‘चॅलेंजर’ हे ब्रिटिश जहाज महासागरांचा तळ धुंडाळीत फिरत असता, 1873 साली कॅनरी बेटांच्या नैर्ऋत्येस त्याच्या जाळ्यात काही काळे गोटे आले. पुढे मरे आणि रेनार या दोघा पंडितांनी 1891 च्या आपल्या बृहद् अहवालात अशा गोट्यांचे साद्यंत वर्णन केले. गोटा फोडला की आत शार्क माशाचा दात, देवमाशाच्या कानाचे हाड किंवा ज्वालामुखीच्या दगडाचा कपरा सापडतो, आणि त्याभोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारखी मँगनीज व लोहाच्या प्राणिदांची पुटे चढलेली दिसतात. समुद्राच्या पाण्यात विरघळलेले हे धातू प्राणवायूच्या संयोगाने सूक्ष्म कणरूप होऊन वरून या गाभ्यावर बसतात. काही ठिकाणी तळाच्या गाळात मुरलेल्या पाण्यातून ते खालूनही येतात. आणि येताना निकेल, तांबे, कोबाल्ट यांना बरोबर घेऊन येतात. ही सारी घडामोड चार-पाच हजार मीटर खोलीवर, निबिड अंधारात, अशा मंद गतीने चालते की वरून बसणाऱ्या पुटाची जाडी दहा लाख वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर भरते.

आता याच तळावर पडणारा गाळ सामान्यतः हजार वर्षांत मिलिमीटरभर किंवा त्याहून अधिक साठतो, म्हणजे गोट्याच्या वाढीपेक्षा तो शेकडो पटींनी वेगवान आहे. तेव्हा न्यायाने पाहता प्रत्येक गोटा केव्हाच गाडला जावयास हवा होता. तरीही बहुसंख्य गोटे गाळाच्या पृष्ठभागावर उघडे पडलेले आढळतात. तळावरचे जीव त्यांना हलवीत राहतात म्हणून, असे काही अभ्यासक म्हणतात. तळाशी वाहणारे प्रवाह गाळ झाडून नेतात म्हणून, असे दुसरे म्हणतात. या वादात मला निवाडा द्यावयाचा नाही. मला त्यातून एवढेच उचलावयाचे आहे की, जो गोटा आपल्या हाती येतो तो न गाडला गेलेला गोटा असतो, आणि गाळाखाली गेलेल्या भावंडांविषयी तो आपणास काहीही सांगू शकत नाही.

गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ या जहाजाने 1981 च्या 26 जानेवारीला भारतासाठी पहिले गोटे वर आणले, आणि 1987 साली मध्य हिंदी महासागरातील दीड लाख चौरस किलोमीटरांच्या पट्ट्यावर भारताचा अग्रहक्क आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य झाला. त्यातून पुढे राखलेल्या 75,000 चौरस किलोमीटरांत सुमारे 38 कोटी टन गोटे असावेत, असा अंदाज केला जातो. हा अंदाज कशावर उभा आहे? पाच किलोमीटर खोल सोडलेल्या यांत्रिक पंजाने ठरावीक अंतरावर उचललेल्या मूठ-मूठ तळावर. आपल्या पानसे आणि सुखात्मे या संख्याशास्त्रज्ञांनी पीककापणीच्या प्रयोगांची जी पद्धत या देशात रुजविली, तिचेच हे समुद्रातले रूप आहे. बांधावर उभे राहून नजरेने केलेल्या आणेवारीपेक्षा यदृच्छेने निवडलेल्या लहानशा तुकड्याची कापणी खरे उत्पन्न अधिक प्रामाणिकपणे सांगते, ही गोष्ट महसुली दफ्तराच्या गळी उतरविण्यास त्यांना किती खटपट करावी लागली असेल, याची कल्पना आज येणे कठीण आहे. परंतु तुकडा यदृच्छेने निवडला तरी जे पंजात सापडतच नाही, ते कोणत्याही सूत्राने परत मिळत नाही.

मँगनीज हे केवळ समुद्राचे धन आहे असे मात्र नव्हे. भंडारा आणि नागपूर या जिल्ह्यांतील चिखला, डोंगरी बुजुर्ग, मनसर, कांद्री येथील खनिज हेही मुळात एका प्राचीन सागराच्या तळावर साठलेले अवसादच होते. भूगर्भातील दाब आणि उष्णता यांनी त्यांचे रूपांतर केले. फर्मोर या भूवैज्ञानिकाने 1909 च्या आपल्या ग्रंथात भारतातील मँगनीजचा परामर्श घेतला, आणि या प्रदेशातील एका खडकास तेथील गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ हे नाव मिळाले. खडकाला त्या लोकांचे नाव मिळाले. खाणीत उतरलेल्या त्या लोकांच्या देहाचा वृत्तांत तितक्या काळजीने लिहिला गेला काय, हा प्रश्न मी आज आपणांपुढे ठेवीत आहे.

मँगनीज देहास अल्प प्रमाणात अत्यावश्यक आहे. त्याची धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे आत जात राहिली, तर ते मेंदूच्या खोल भागात साठते. 1837 साली ग्लासगो येथील कूपर या वैद्याने मँगनीज दळणाऱ्या कामगारांच्या पायांतील बळ जाऊ लागल्याचे, चाल बिघडल्याचे आणि वाणी अडखळू लागल्याचे वर्णन केले. कित्येकांत आरंभी अकारण हसू-रडू येते, पुढे चेहरा भावहीन होतो, आणि खाण सोडल्यावरही व्याधी मागे हटतेच असे नाही. मात्र धातू सापडला म्हणजे अपराधी सापडला, असेही नव्हे. जपानमधील मिनामाता येथील रोग 1956 मध्ये उघडकीस आला, तेव्हा कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांचा पहिला संशय मँगनीजवरच गेला होता; 1959 मध्ये सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखविता आले. केवळ सहअस्तित्वावरून कार्यकारणभाव ठरविता येत नाही. कारण आधी आणि कार्य नंतर घडले काय, मात्रा वाढली तशी पीडा वाढली काय, हे तपासावे लागते, ही शिस्त संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडफर्ड हिल यांनी 1965 साली घालून दिली. पण या शिस्तीच्याही आधी एक पायरी आहे: आपण कोणास मोजीत आहोत?

कल्पना करा, एका खाणीत शंभर मजूर आहेत. दहा वर्षांत त्यांतील वीस जणांचे हातपाय थरथरू लागले, ते काम सोडून गावी परतले आणि त्यांच्या जागी वीस तरुण आले. आता डॉक्टर येतात, हजेरीपट मागवितात, पटावरच्या शंभरही जणांना तपासतात आणि ‘व्याधी आढळली नाही’ असा शेरा मारतात. शेऱ्यातले एकही अक्षर खोटे नाही. तथापि त्यातून निघणारा निष्कर्ष सर्वस्वी असत्य आहे. कामावर उरलेला मनुष्य स्वभावतःच निरोगी दिसतो, हे इंग्लंडातील ऑगल यांनी 1885 च्या सुमारास व्यवसायवार मृत्युसंख्या तपासतानाच ओळखले होते. पण ही गोष्ट माहीत असणे निराळे आणि गावोगाव जाऊन सोडून गेलेल्यांची दारे ठोठावणे निराळे. दुसऱ्या कामास पैसा लागतो, पाय लागतात, गोंडीत बोलू शकणारा सहकारी लागतो. आणि ते करावयाचे राहून जाते. गाळाखाली गेलेला गोटा आणि पटावरून गेलेला मजूर यांत भेद एवढाच की, दुसऱ्याचे नाव कोठे तरी लिहिलेले आहे.

सागरतळाचे खोदकाम आता दूर नाही. पेरूच्या खोऱ्यात 1989 साली जर्मन संशोधकांनी तळ नांगरून पाहिला. 2015 मध्ये ते परत गेले तेव्हा नांगराचे चर तसेच दिसत होते. गोट्यांतील ज्या थोरियमच्या आधारे त्यांचे वय काढतात तो स्वतः किरणोत्सर्गी आहे, आणि बंदिस्त जागेत गोटे हाताळणाऱ्यांस त्यापासून धोका संभवतो, असा इशारा 2023 मध्ये जर्मन अभ्यासकांनीच दिला आहे. उद्या हे गोटे किनाऱ्यावर उतरतील, तेव्हा ते दळणारे, वितळविणारे, पोती उचलणारे हात बहुशः आपल्याच माणसांचे असतील. त्यांच्या नावांची वही पहिल्या दिवसापासून उघडली पाहिजे, आणि काम सुटले तरी तीत नोंद चालू राहिली पाहिजे, असा ठराव या परिषदेने संमत करावा.

आणि विदर्भातून आलेल्या सभासदांना माझी एक निराळी विनंती आहे. जमिनीवरच्या खाणींचे जुने हजेरीपट जेथे म्हणून शिल्लक असतील, तेथे रीतसर अर्ज करून ते पाहावेत, आणि ज्या नावांपुढे ‘नाव कमी केले’ असा शेरा असेल, ती नावे प्रथम उतरवून घ्यावीत.