औषधाआधीं गणित

वर्ध्याजवळच्या नालवाडीस विनोबांचा मुक्काम असतांना त्यांचे सहकारी मनोहर दिवाण यांनीं 1936 सालीं शेजारच्या दत्तपूरला कुष्ठधाम उभारलें. त्या काळीं या रोगावर हुकमी औषध नव्हतें. कडूकवठाचें तेल टोंचावें, व्रण धुवावे, धीर द्यावा, एवढेंच हातीं होतें. पुढें डॅप्सोन आलें. 1982 सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें तें इतर औषधांच्या जोडीनें देण्याची शिफारस केली, आणि प्रौढास रोज 100 मिलिग्रॅम ही मात्रा ठरली. रोगी बरे होऊं लागले.

परंतु प्रौढ म्हणजे कोण? चाळीस किलोची शेतमजूर बाईही प्रौढ, आणि पंचाहत्तर किलोचा दुकानदारही! शिवाय रक्तांतील एक विशिष्ट विकर ज्याच्या ठायीं जन्मतःच उणें, त्याच्या तांबड्या पेशी या औषधानें फुटतात. आणखी कांहींना थोड्या आठवड्यांनीं ताप, पुरळ व कावीळ होऊन प्राणावर बेततें. हें दुसरें संकट एचएलए-बी 13:01 या जनुकरूपाशीं निगडित असल्याचें चिनी संशोधकांनीं 2013 सालीं दाखविलें. तें रूप नसलेल्यांनाच औषध दिल्यास धोका 1.4 टक्क्यांवरून 0.2 टक्क्यांवर येतो, असा त्यांचा हिशेब होता.

मग रोग्याच्या पोटांत जाण्यापूर्वींच औषधाची परीक्षा करतां येईल काय? दत्तपूरचें काम सुरू झालें त्याच्या पुढच्याच वर्षीं, 1937 सालीं, स्वीडनमधील टॉर्स्टेन टेओरेल यांनीं शरीर म्हणजे एकमेकांस जोडलेले हौद मानून, औषध एकांतून दुसऱ्यांत किती वेगानें जातें याचीं समीकरणें मांडलीं. आज संगणकांत तेच हौद यकृत, मूत्रपिंड, रक्त अशा नांवांनीं भरतात. त्यांत एका विशिष्ट रोग्याचीं मापें घालावयाचीं आणि त्याच्या नव्या तपासण्यांप्रमाणें तीं बदलीत राहावयाचें, म्हणजे त्याचा ‘डिजिटल ट्विन’, अंकांचा जुळा भाऊ, तयार होतो. मात्रा प्रथम त्याला द्यावी. चुकली तर आंकडा बिघडतो, माणूस नव्हे.

अर्थात् संपूर्ण माणसाचा जुळा अद्याप कोणासही साधलेला नाहीं. दोन औषधें एकमेकांस कशीं बाधतील, हें ठरविण्यासाठीं प्रामुख्यानें हें गणित नियामक संस्था ग्राह्य धरूं लागल्या आहेत. आणि समीकरणांतील मापें धष्टपुष्ट स्वयंसेवकांचीं असलीं, तर अर्धपोटीं राबणाऱ्या, रक्त कमी असलेल्या त्या बाईचा जुळा भलत्याच कोणाचा तरी निघेल. तिचें वजन कोणी तरी कांट्यावर घेतलें पाहिजे, रक्त तपासलें पाहिजे. खेड्यांतील दवाखान्यांत कांटा बहुधा असतो. विकराची तपासणी मात्र क्वचितच.